ढग दोनशे फुटांवर

अकुलिना सविनॉफ कधी खोटं बोलत नसे, असं कुणी म्हणालं तर आमच्या बेटावरची पोरंसुद्धा हसतील. स्वतःच्या वयातली चार-पाच वर्षं ती राजरोस खायची. पत्ते खेळताना हातातलं पान मांडीखाली सरकवायची आणि पकडली गेली की उलट आपल्यावरच डोळे वटारायची. बेरी कुठल्या उतारावर पिकल्यात असं विचारलं तर हमखास भलत्याच दिशेला बोट दाखवायची. पण रेडिओचं बटण दाबून ती पायलटला हवा सांगायची, तेव्हा त्यात एका फुटाचाही फरक नसे. तीस वर्षं तिनं आमचं विमानतळ सांभाळलं. तिनं सांगितलेली हवा चुकली, असं त्या तीस वर्षांत एकाही पायलटनं म्हटलं नाही.

विमानतळ हा शब्द जरा मोठाच झाला. खडीची एक पट्टी, वारा दाखवणारी कापडी नळी, आणि रेडिओ ठेवलेलं एक खोपटं. पट्टीच्या एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकाला डोंगर. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत सैन्यानं ती बांधली. डोंगराच्या कुशीत पाचशे फूट उंचीवर त्याच वेळचा तोफेचा सिमेंटचा ओटा आहे. तोफ केव्हाच गेली, ओटा राहिला. खोपट्याच्या दारातून तो ओटा दिसला तर विमान उतरू शकतं, नाही दिसला तर नाही. उनालास्काहून, म्हणजे पलीकडच्या मोठ्या बेटावरून, आठवड्यातून दोनदा विमान यायचं. टपाल, औषधं, कांदे-बटाटे, माणसं, जे काय यायचं ते त्यातून. पायलट बेटाजवळ आला की विचारायचा, मावशी दारात जाऊन बघायची, परत येऊन सांगायची. तिनं ये म्हटलं तर तो यायचा, नको म्हटलं तर माघारी.

मी तिला मावशी म्हणायची, पण रक्ताचं नातं नव्हतं. आमची घरं शेजारी. मी ऊस्तिन्या. गावचा दवाखाना मी बघते. डॉक्टर नाही, पण ताप, टाके, बाळंतपण एवढं मला शिकवलेलं आहे. त्यापुढचं काही असलं की विमान बोलवायचं. म्हणजे मावशीच्या दारात जायचं.

मावशीचा जन्म पस्तीस सालचा. लढाई आमच्यापर्यंत आली तेव्हा ती सात वर्षांची होती. बेचाळीसच्या जूनमध्ये शत्रूनं उनालास्कावर बॉम्ब टाकले आणि थोड्याच दिवसांत आमच्या खाडीत आपलंच एक जहाज आलं. प्रत्येकानं एक गाठोडं घ्या आणि चला, एवढंच सांगितलं. कुठं, किती दिवस, काही नाही. जहाज खाडीतून बाहेर पडत होतं तेव्हा गावातून धूर निघाला. शत्रूला आसरा मिळू नये म्हणून आपल्याच सैनिकांनी घरं पेटवली होती. चर्चसुद्धा. बायका कठड्याशी उभ्या राहून आपापलं घर कोणतं ते बोटानं दाखवत होत्या, असं मावशी सांगायची. रडत कुणीच नव्हतं. ती म्हणायची, रडायचं ते सगळे नंतर रडले.

त्यांना नेलं दूर दक्षिणेला, एका बंद पडलेल्या मासळीच्या कारखान्यात. भोवती नुसतं जंगल. आमच्या बेटावर एक झाड नाही. या लोकांनी जन्मात झाड पाहिलेलं नव्हतं, आणि इथं दिवसाही दिवा लावावा लागे इतकी झाडी. फुटलेल्या खिडक्या, एक चूल, गढूळ पाणी. पहिल्याच हिवाळ्यात म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं जायला लागली. मावशीचे वडील जाखार फेब्रुवारीत गेले. त्यांच्यासाठी खड्डा खणताना झाडांची मुळं तोडायला कुऱ्हाड लागली. आमच्या माणसांनी कबर खणायला कुऱ्हाड कधी घेतली नव्हती.

मागे राहिली आई मार्फा, आठ वर्षांची अकुलिना आणि तीन वर्षांचा इरिनेई. वसंतात इरिनेईला खोकला लागला. मार्फा स्वतः तापानं फणफणलेली. एके दिवशी सरकारी बोट आली, तिच्यात एक नर्स होती. आजारी पोरांना शहरातल्या इस्पितळात नेणार होती. अकुलिनाला शाळेपुरतं इंग्रजी येत होतं, म्हणून तिनंच विचारलं, किती दिवस? नर्स म्हणाली, दोन आठवडे. आईला विचारायची सोय नव्हती, ती शुद्धीत नव्हती. अकुलिनानं भावाला कडेवर घेतलं, धक्क्यावर नेलं आणि नर्सच्या हातात दिलं.

दोन आठवडे झाले, दोन महिने झाले. चर्चमध्ये पोथी वाचणारे फेओफान गावाच्या वतीनं सगळीकडे पत्रं लिहायचे. त्यांनी त्या इस्पितळाला लिहिलं. उत्तर आलं, मुलाला दुसरीकडे हलवलं. दुसरीकडे लिहिलं. तिथून उत्तर आलं, या नावाचा मुलगा आमच्याकडे कधी आला नाही.

पंचेचाळीसमध्ये उरलेल्या लोकांना बेटावर परत आणून सोडलं. गावाच्या जागी चुलींचे दगड तेवढे उभे होते. आणि ज्या कुरणात बायका टोपल्यांसाठी गवत कापायच्या, तिथं ही पट्टी आणि पत्र्याच्या अर्धगोल बराकी. लोक त्या बराकींत राहायला लागले. शेवटचे सैनिक जायच्या तयारीत होते. त्यांच्यातला एक अधिकारी मनानं चांगला असावा. मार्फाची हकिगत ऐकून तो म्हणाला, बाई, काळजी करू नका, आता तुमच्याकडे विमानतळ आहे, मुलगा सापडला की थेट विमानानं येईल.

तो धीर द्यायला बोलला आणि निघून गेला. मार्फानं ते शब्द धरून ठेवले. सुरुवातीला दोन-चार महिन्यांनी एखादं विमान यायचं. आवाज आला की ती हातातलं काम टाकून, धुतलेला ब्लाउज चढवून पट्टीवर जायची. पुढं विमानं बंद झाली. पट्टीवर गवत आलं, लोकांनी सैन्यानं पट्टीवर अंथरलेल्या लोखंडी जाळ्या उचकटून कुंपणांना आणि मासे धुरवायच्या खोल्यांना लावल्या. तरी ढगाआडून कसलाही घरघराट आला की मार्फा दारात. चर्चमध्ये नावांच्या दोन याद्या वाचतात, एक जिवंतांची, एक गेलेल्यांची. दहा वर्षं झाल्यावर फेओफाननी तिला हळूच विचारलं, मार्फा, इरिनेईचं नाव आता दुसऱ्या यादीत घालूया का?

"तुम्ही बघितलात का त्याला मेलेला?" मार्फा म्हणाली.

"नाही."

"मग जिथं आहे तिथं राहू द्या."

त्रेसष्टमध्ये मार्फा गेली, तोवर नाव तिथंच होतं. नंतरही कुणी काढलं नाही.

अकुलिनाचं लग्न निकिफोरशी झालं. माणूस हसरा, समुद्रात पटाईत. मूल झालं नाही. एकाहत्तरच्या ऑक्टोबरमध्ये तो मासेमारीला गेला आणि होडी आली नाही. त्यानंतर दोन वर्षांनी राज्य सरकारनं पट्टी साफ करून खडी टाकली आणि नियमित विमान सुरू केलं. खोपट्यात बसायला माणूस हवा होता. पुरुषांना नको होतं, ऐन मासळीच्या दिवसांत कोण अडकून पडणार? मावशी म्हणाली, मी बसते. गावात कुजबुज झाली, आता ही पण आईसारखी वाट बघत बसणार. कुणीतरी तोंडावर बोललंच. मावशी म्हणाली, "घरात बोलायला कुणी नाही. रेडिओवर निदान एक माणूस उत्तर देतं."

कामात ती पक्की होती. सकाळी उठून पट्टीभर चालायची, मोठे दगड उचलायची, रेनडियर बसलेले असले तर शिव्या देऊन हाकलायची. हिवाळ्यात बर्फ काढायची. पायलट नवा असला तर पहिल्याच दिवशी त्याला सांगून ठेवायची, मी म्हणेन ते ऐकायचं, गावातला दुसरा कुणी काही म्हणाला तर ऐकायचं नाही.

ते मला चौऱ्याऐंशीत भोगावं लागलं. माझ्या वडिलांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात होतं नव्हतं ते सगळं मी केलं आणि विमान बोलावलं. विमान निघालं, बेटाच्या डोक्यावर पोचलं. मी धावत खोपट्यात गेले. बाहेर धुकं होतं, पण पातळ होतं. निदान मला तसं वाटलं. मावशी दारातून आत आली आणि रेडिओवर म्हणाली, ओटा दिसत नाही, उतरू नकोस.

मी तिचा दंड धरला. "मावशी, थोडं कमी-जास्त सांग. तो येईल. तो चांगला पायलट आहे."

"चांगला आहे म्हणूनच येईल," ती म्हणाली. "आणि डोंगरावर आपटेल. मग तुझा बाप, तो, आणि त्याच्याबरोबरची नर्स. तिघं."

विमान तीनदा फिरलं आणि गेलं. वडील दुपारी चार वाजता गेले. तो अख्खा हिवाळा मी मावशीशी बोलले नाही. दर शनिवारी माझ्या पायरीवर कागदात गुंडाळलेला मासा असायचा. पहिले काही मी कुत्र्यांना घातले. नंतर शिजवायला लागले. ईस्टरला तिच्या घरी गेले, तिनं चहा पुढे ठेवला, आणि तो विषय आम्ही दोघींनी पुन्हा काढला नाही.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात टपालाच्या पिशवीत एक पत्र आलं. वर कुणाचं नाव नव्हतं, नुसतं गावाचं. मावशीनंच ती पिशवी विमानातून उतरवली होती. पत्र उघडलं टपालवाल्या बाईनं, आणि वाचता वाचता ती खुर्चीत बसली. दूरच्या टकोमा शहरातून कुणा अर्नेस्ट हाल्वर्सेननं लिहिलं होतं. त्याला वाढवणारी बाई त्या वर्षी वारली, आणि तिच्या पेटीत त्याला इस्पितळातली एक पुठ्ठ्याची पट्टी सापडली. तिच्यावर आमच्या गावाचं नाव होतं आणि पुढं कुणीतरी ऐकून लिहिलेलं, 'एर्नी'. आपल्याला नॉर्वेजियन बापाचा मुलगा म्हणून वाढवलं, आरशात बघून कळायचं की तसं नाही, पण विचारायची चोरी होती, असं त्यानं लिहिलं होतं. त्रेचाळीस साली तुमच्या गावातलं कुणी हरवलं होतं का?

मावशीला पत्र मी वाचून दाखवलं. तिला वाचता येत होतं, पण चष्मा सापडत नव्हता. चष्मा तिच्या डोक्यावरच होता. पत्र संपल्यावर तिनं ते माझ्या हातून घेतलं. मग म्हणाली, "एर्नी नाही. इरिनेई. लिहिताना नीट विचारायचं होतं त्यांनी."

तो सप्टेंबरमध्ये आला. विमान उतरलं तेव्हा अर्धं गाव पट्टीच्या कडेला उभं होतं, पण पुढं कुणी गेलं नाही. सत्तावन्न वर्षांचा उंच माणूस, कपाळ थेट मार्फाचं. मावशी पुढं गेली. आमच्या भाषेत काहीतरी म्हणाली. त्याला कळलं नाही. मग तिनं हात पुढं केला, त्यानं तो धरला. नंतर तिनं त्याची पिशवी घेतली, पायलटच्या कागदावर टपालासाठी सही केली आणि पिकअप सुरू केली. लोकांना वाटलं होतं गळ्यात पडून रडतील. दोघंही तसली नव्हती.

दोन दिवसांसाठी आलेला माणूस धुक्यात नऊ दिवस अडकला. पहिले तीन-चार दिवस घरात नुसती भांड्यांची आणि चमच्यांची बोलणी. मावशी वाढायची, तो खायचा. माशाची पाई त्याला आवडली, सीलचं तेल लावलेला सुका मासा त्यानं एकदा तोंडात घातला आणि डोळ्यांत पाणी आलं तरी गिळला. मावशी म्हणाली, लहानपणी हेच मागायचास. तो म्हणाला, लहानपणी माझी अक्कल कमी असेल. त्यावर ती पहिल्यांदा हसली. तो इंजिनांचा मिस्त्री होता. पट्टी सपाट करायचं जुनं यंत्र वर्षभर गंजत पडलं होतं, ते त्यानं दोन दिवसांत चालू केलं. पोरं त्याच्यामागे मिरवणुकीसारखी फिरली.

सहाव्या दिवशी संध्याकाळी मी तळलेली भाकर घेऊन तिच्याकडे गेले होते. तिघं टेबलाशी बसलो होतो. इरिनेई कपाच्या काठावरून बोट फिरवत होता.

"मला त्या वेळचं एकच आठवतं," तो म्हणाला. "लाकडी धक्का. एक मुलगी मला कुणाच्यातरी हातात देते आणि निघून जाते. मी हाका मारतोय. ती वळून बघत नाही."

मी उठायला लागले. मावशीनं माझ्याकडे न बघता हात केला, बस म्हणून.

"ती मी," ती म्हणाली.

"ते आलो त्या दिवशीच कळलं. चालण्यावरून." तो म्हणाला, "जन्मभर त्या मुलीवर राग धरला मी. बायकोला सांगायचो, आईचा चेहरा आठवत नाही, पण त्या पोरीची पाठ आठवते."

"वळले असते तर तुला परत घेतलं असतं."

"मग घ्यायचं होतंस."

"हो," मावशी म्हणाली. "घ्यायचं होतं."

मग त्यानं विचारलं, "आई काय म्हणाली?"

"तिला दोन दिवसांनी शुद्ध आली. मी सांगितलं. ती काही म्हणाली नाही. त्या दिवशी नाही, पुढंही कधी नाही. मरेपर्यंत एका शब्दानं मला बोलली नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं."

इरिनेईनं टेबलावरून हात पुढं केला आणि तिच्या मनगटावर ठेवला. तसाच ठेवला. मी भाकर तिथंच ठेवून घरी आले.

पुढचे तीन दिवस ती दोघं सारखी बरोबर दिसायची. आईच्या कबरीवर गेली, जुन्या गावाचे चुलींचे दगड बघून आली. तो खोपट्यात बसून वाऱ्याची गंमत शिकला. नवव्या दिवशी धुकं विरलं. ओटाच काय, डोंगराचा माथासुद्धा लखलखत होता. रेडिओवर मावशी म्हणाली, आभाळ मोकळं, ये. इरिनेई शेजारीच उभा होता. "ताई, एक दिवस तरी खोटं बोलायचंस," तो म्हणाला. मोठ्या बहिणीला हाक मारायचा आमच्या भाषेतला शब्द त्यानं पोरांकडून शिकून घेतला होता. तिनं त्याला खांद्यानं ढकललं.

जूनमध्ये बायकोला घेऊन येतो म्हणाला. जून यायच्या आत त्याच्या पोटात गाठ निघाली. आधी शस्त्रक्रिया, मग औषधं, मग पुन्हा शस्त्रक्रिया. दर रविवारी त्याचा फोन यायचा. मावशी त्याला हवा सांगायची. दोन शहाणी माणसं तासभर वाऱ्याबद्दल काय बोलतात, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, त्याला पट्टी डोळ्यांपुढं आणायची असते.

नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये, एका रविवारी फोन त्याच्या बायकोनं केला. डॉक्टर म्हणताहेत, फार तर आठवडा. तो तुम्हाला बोलावतोय. मग तिनं फोन त्याच्या तोंडाशी धरला. तो काय म्हणाला ते मावशीनं मला त्याच दिवशी सांगितलं. तो म्हणाला, "ताई, ये." बाकी काही नाही.

लढाईनंतर मावशीनं बेट कधी सोडलं नव्हतं. त्या दिवशी तिनं निकिफोरची जुनी पिशवी काढली. दोन झगे, सुक्या माशाची पुडी, आईच्या कबरीवरचं मूठभर गवत कागदात बांधून. मंगळवारी विमान यायचं होतं. मी म्हटलं, तू जातेयस तर रेडिओवर मी बसते. ती म्हणाली, विमान उतरेपर्यंत माझं काम आहे, चढले की तुझं.

मंगळवारी सकाळी समुद्रावरून धुकं आलं, त्यात बारीक बर्फ. खोपट्यात दहा-बारा माणसं जमली होती. पायलट कर्टिस आमच्याकडे बारा वर्षं येत होता, मावशीच्या हातची पाई खाल्ल्याशिवाय जायचा नाही. साडेदहाला त्याचा आवाज आला.

"अकुलिना, मी बेटाच्या वर आहे. खाली सगळं पांढरं. तू सांग."

ती कोट घालून दाराबाहेर गेली. मी तिच्या मागे उंबऱ्याशी उभी होते. वर विमान घुमत होतं, आवाज कधी जवळ यायचा, कधी लांब. ती डोंगराकडे तोंड करून उभी राहिली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. गर्दीतली एक म्हातारी पुटपुटली, सांग गं बाई काहीतरी. मी चौऱ्याऐंशीत धरला होता तसा तिचा दंड धरावा असं मला वाटलं. हात उचलला नाही.

ती आत आली आणि बटण दाबलं.

"ढग दोनशे फुटांवर. ओटा दिसत नाही."

कर्टिस म्हणाला, "मला उनालास्काला सांगितलंय कशासाठी जातेयस ते. तू म्हणशील तर मी एकदा खाली येऊन बघतो."

"तुझी मुलं किती?"

"दोन. तुला माहीत आहे."

"मग घरी जा," मावशी म्हणाली.

आवाज लांब गेला. लोक एकेक करून बाहेर पडले. कुणी तिच्या खांद्याला हात लावला, कुणी नुसती मान हलवली. तिनं रोजच्या वहीत वेळ आणि हवा लिहिली, अक्षर जराही हललं नाही. मग मला म्हणाली, "ऊस्त्या, पिशवी घरी नेऊन ठेव. माझ्यानं नाही होणार."

बुधवारी धुकं. गुरुवारी धुकं, आणि संध्याकाळी इरिनेईच्या बायकोचा फोन. शुक्रवारी ऊन पडलं. विमान आलं. मावशीनं पट्टीवरचे दगड उचलले होते, रेनडियर हाकलले होते. टपाल उतरवून घेतलं. कर्टिस खाली उतरून तिच्यासमोर टोपी हातात घेऊन उभा राहिला. जायचं का, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, आता कुणाकडे जाऊ? त्याला तिनं पाईचा डबा दिला. तो विमानात बसून बराच वेळ इंजिन सुरू न करता थांबला होता.

रविवारी आमच्या चर्चमध्ये इरिनेईसाठी प्रार्थना झाली. टकोमात त्याला अर्नेस्ट म्हणून पुरलं, इथं इरिनेई म्हणून गाणं म्हटलं. मावशी मेणबत्ती घेऊन पुढं उभी होती. मेण बोटांवर सांडत होतं, तिनं हात बदलला नाही. नंतर मी तिच्या बोटांना मलम लावलं.

त्यानंतर आणखी चार वर्षं ती खोपट्यात बसली. मग सरकारनं हवा मोजायचं यंत्र बसवलं, ते आपलं आपण आकडे पाठवतं. तिला निरोपाला एक घड्याळ दिलं. पत्ते खेळताना लबाडी तशीच चालू राहिली. दोन हजार आठच्या नोव्हेंबरमध्ये ती झोपेत गेली. आईची कबर आणि निकिफोरच्या नावाचा क्रूस यांच्यामध्ये जागा होती, तिथं तिला ठेवलं.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आम्ही दोघी ओढ्याकाठी मासे चिरत बसलो होतो. तिचं चालू होतं नेहमीसारखं, कुणाच्या सुनेला स्वयंपाक येत नाही, कुणाची होडी गळते. मधेच सुरी थांबवून तिनं विचारलं, "त्या दिवशी तू माझ्या मागं दारात होतीस. तुला ओटा दिसला होता का?"

कोणत्या दिवशी ते विचारायची गरज नव्हती.

"नाही," मी म्हटलं.

"खरं सांग."

"खरंच नाही, मावशी. मला तर पट्टीचं टोकसुद्धा दिसत नव्हतं."

ती माशाकडे बघत राहिली. "मला दिसला," ती म्हणाली. "एकदाच. डोळा मिटून उघडावा तेवढा. मग मला वाटलं, मला दिसायला हवा आहे म्हणून दिसला. आणखी थोडं थांबून बघितलं. परत नाही दिसला. म्हणून नाही सांगितला." आणि जरा वेळानं, "इतकी वर्षं झाली, अजून ठरवता येत नाही. होता की नव्हता."

मला दिसला नव्हता, आणि तेच मी पुन्हा सांगितलं. तिनं मान डोलावली, पण पटल्यासारखी नाही. मग पुढचा मासा ओढला, पोट चिरलं, अंडी वेगळ्या भांड्यात काढली. वारा वळला होता, डास कमी झाले होते. टोपली भरली तेव्हा निम्मे मासे तिनं माझ्या बादलीत टाकले. मी नको म्हटलं, तर म्हणाली, "घे गपचूप. तुझ्याकडे खाणारी माणसं आहेत."